सूर हरवलेल्या हिटरचा नंबर कितवा?

१३ ऑगस्ट १९७२ रोजी डेट्रॉइट टायगर्सचा मॅनेजर बिली मार्टिन याने आपल्या खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि ज्या क्रमाने त्या निघाल्या त्याच क्रमाने संघाला बॅटिंगला पाठवलं. नॉर्म कॅश हा संघातला दांडगा फटकेबाज सगळ्यात आधी आला. एड ब्रिंकमन, ज्याची ख्याती शॉर्टस्टॉपला झेल-फेक करण्याची आणि बॅट हातात आली की सुस्कारे सोडायला लावण्याची, तो चौथ्या नंबरवर, म्हणजे सगळ्यात मानाच्या जागी. क्लीव्हलँडविरुद्धचा तो सामना टायगर्सने ३-२ असा जिंकला. बॅटिंग ऑर्डरवर रात्र-रात्र काथ्याकूट करणाऱ्यांना ही गोष्ट पन्नास वर्षं ऐकवली जाते आहे.

पण मार्टिनला तो एक सामना जिंकायचा होता. मायनर लीगमध्ये, जिथे जिंकणं हे दुय्यम काम असतं, तिथे एखाद्या होतकरू पोराचा फॉर्म पार गेला तर त्याला कितव्या नंबरवर खेळवावं, हा प्रश्न वेगळा आहे. त्यावर बेसबॉलच्या जगात तीन-चार घराणी आहेत आणि प्रत्येकाला आपलंच गाणं शुद्ध वाटतं.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकासाठी आधी एक खुलासा. आपल्याकडे सलामीला येणं आणि सहाव्या नंबरवर येणं ही जवळजवळ दोन वेगळी कामं आहेत. नवा चेंडू, जुना चेंडू, दुसरा नवा चेंडू, तळाला सोबत घेऊन खेळणं. बेसबॉलमध्ये चेंडू सतत बदलतो आणि नऊ जण आळीपाळीने फिरत राहतात. नववा झाला की पुन्हा पहिला. त्यामुळे नंबर बदलल्याने हिटरपुढचं काम फारसं बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की सामन्यात त्याची पाळी किती वेळा येते आणि तो येतो तेव्हा बेसवर कोणी उभं असतं का. आणखी एक गोष्ट बदलते, जी कुठल्याच स्कोअरकार्डात दिसत नाही, ती म्हणजे त्याची पत. १९२९ साली न्यूयॉर्क यँकीजने पाठीवर नंबर छापले तेव्हा ते बॅटिंगच्या क्रमानेच दिले होते. म्हणून बेब रूथ तीन आणि लू गेरिग चार. नंबर म्हणजे ओळख, ही समजूत तिथपासून या खेळाच्या अंगात मुरलेली आहे.

आता मायनर लीगची रचना. मेजर लीगमधल्या तीस मोठ्या क्लबांपैकी प्रत्येकाचे खाली चार पूर्ण हंगामी संघ: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. एकूण १२०. ट्रिपल-एचा हंगाम १५० सामन्यांचा, डबल-एचा १३८, खालच्या दोन्हींचा १३२. खेळाडू वरच्या क्लबच्या मालकीचे, पगारही तिथूनच. गावोगावचे स्थानिक मालक स्टेडियम सांभाळतात, हॉट डॉग विकतात, शुक्रवारी फटाके उडवतात. संघात कोण आणि कुठल्या जागी, यात त्यांना विचारत नाहीत. डगआउटमध्ये बसलेला मॅनेजर ऑर्डर लिहितो खरा, पण कोणाला रोज खेळवायचं, कोणाला वर ठेवायचं याचा अंदाज त्याला वरून आलेला असतो. दुपारी क्लबहाउसच्या भिंतीवर तो कागद चिकटला की पोरं आधी आपलं नाव शोधतात, मग नावापुढचा आकडा.

मोठ्या संघात फॉर्म गेलेल्याला खाली ढकलण्याचं कारण सरळ असतं. जो मारत नाही त्याची पाळी कमी यावी, म्हणजे संघाच्या धावा वाढतील. मायनर लीगमध्ये हे कारण जवळजवळ निकालात निघतं. तिथे ज्याला शिकवायचं आहे त्याच्याच पाळ्या कमी करायच्या, हे शाळेत कच्च्या मुलाला गणिताच्या तासाला बाहेर बसवण्यासारखं झालं. वरच्या नंबरांवर ठेवा, म्हणणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे, आणि तो ऐकायला फार पटतो.

फक्त आकडे मांडून पाहावे लागतात. टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन या तिघांनी ‘द बुक’ नावाच्या ग्रंथात ऑर्डरचा जो हिशेब मांडला तो आजही पाया मानला जातो. ऑर्डरमध्ये एक जागा खाली गेलं की सामन्यामागे साधारण ०.११ पाळी कमी होते. पहिल्याला सामन्यात साडेचारच्या थोड्या वर पाळ्या मिळतात, नवव्याला पावणेचारच्या आसपास. आता दुसऱ्या नंबरवरच्या पोराला सातव्यावर टाकलं, तर पंचवीस सामन्यांच्या महिन्यात त्याच्या १४ पाळ्या बुडाल्या. म्हणजे तीन-साडेतीन सामने. पूर्ण हंगाम तिथेच ठेवलं तर सत्तरच्या वर. महिन्याचं नुकसान किरकोळ आहे, हंगामाचं नाही. ‘पाळ्या, पाळ्या’ असा घोष करणारे हा फरक सांगत नाहीत. पंधरा दिवस खाली ठेवल्याने कोणाचं शिक्षण बुडत नाही.

मात्र पंधरा दिवस खाली ठेवल्याने काही साधतं का? इथे दुसरं घराणं येतं, ‘संरक्षण’वाल्यांचं. त्यांचं म्हणणं असं, की चाचपडणाऱ्या हिटरला एखाद्या जबरदस्त हिटरच्या आधी खेळवा. मग पिचर त्याला वॉक, म्हणजे फुकटचा पहिला बेस, देऊन पुढच्या संकटाला तोंड देण्यापेक्षा सरळ चेंडू टाकेल आणि पोराचे हात मोकळे होतील. मॅनेजर लोकांची ही आवडती मात्रा. संशोधक जे. सी. ब्रॅडबरी आणि डग ड्रिनन यांनी मेजर लीगची आकडेवारी तपासली तेव्हा या संरक्षणाचा परिणाम दखल घ्यावी इतका सापडला नाही. ‘द बुक’वाल्यांनाही पाठीशी मोठा हिटर असेल तर वॉक थोडे कमी झालेले दिसले, पण फटके सुधारलेले दिसले नाहीत. डबल-एच्या पातळीवर तर ही मात्रा आणखी पातळ होते, कारण तिथला पिचरही शिकाऊच. त्याला त्या आठवड्यात चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू, टाकायला सांगितलेलं असतं, तो समोर कोण आणि मागे कोण हे न बघता चेंजअप टाकतो.

तिसरं घराणं दडपण हलकं करणाऱ्यांचं. हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला, ज्याला करारावर सही करताना लाखो डॉलर मिळाले आहेत आणि ज्याच्या गावचा पेपर त्याचा रोजचा स्कोअर छापतो, त्याला तिसऱ्या नंबरचं ओझं होऊ शकतं. पण खाली ढकलल्याने ओझं उतरतं की वाढतं, हे कागद चिकटवणाऱ्यावर अवलंबून नसतं, वाचणाऱ्यावर असतं. २००६ च्या प्लेऑफमध्ये, डेट्रॉइटविरुद्ध चौथ्या सामन्यात, यँकीजचा मॅनेजर जो टोरी याने आलेक्स रॉड्रिगेझला आठव्या नंबरवर टाकलं. आदल्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. यँकीज ८-३ असे हरून बाहेर पडले, त्या मालिकेत रॉड्रिगेझच्या नावावर चौदा प्रयत्नांत एक हिट राहिला, आणि त्या आठ नंबरची चर्चा पुढे कितीतरी वर्षं चालली. पुढच्या हंगामात त्याने ५४ होम रन मारले. आठव्या नंबरने त्याला बरं केलं नाही, बरबादही केलं नाही. अपमान मात्र लक्षात राहिला. मायनर लीगमधल्या पोराची कातडी रॉड्रिगेझइतकी जाड नसते.

शिवाय उरलेल्या आठ जणांचाही विचार करावा लागतो. मोठ्या बोनसवाला .१८० (म्हणजे हजार प्रयत्नांत १८० हिट) मारून दुसऱ्या नंबरवर, आणि विसाव्या फेरीत निवडलेला .३१० मारून आठव्यावर, हे दोन महिने चाललं की क्लबहाउसमध्ये कोणी बोलत नाही, पण सगळे मोजतात. विकासाच्या नावाखाली हा अन्याय सर्रास चालतो आणि त्याचं समर्थन करताना क्लबवाले जरा जास्तच निर्लज्ज असतात, असं माझं मत आहे.

इतका ऊहापोह झाला तरी मूळ प्रश्न बाजूलाच राहतो: फॉर्म गेला म्हणजे नेमकं काय गेलं? दोन आठवड्यांच्या बॅटिंग सरासरीवरून काहीही कळत नाही. सणसणीत फटके थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेले की .१५० दिसते, भोंगळ फटके मधे पडले की .३५०. रसेल कार्लटन याने कुठला आकडा किती पाळ्यांनंतर भरवशाचा होतो याचा अभ्यास केला. स्ट्राइकआउटचं, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचं, प्रमाण साधारण ६० पाळ्यांत बोलू लागतं, वॉकचं १२० मध्ये; बॅटिंग सरासरीला पूर्ण हंगामही पुरत नाही. म्हणजे महिनाभर कोणी स्ट्राइकआउटवर स्ट्राइकआउट होत असेल तर काहीतरी खरोखर बिघडलं आहे, आणि नुसते हिट पडत नसतील तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. पहिल्या प्रकारात पोराला चेंडू ओळखू येत नाही किंवा बॅट उशिरा येते, दुसऱ्यात नशीब. नंबर बदलणं हा दोन्हींवर उपाय नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

म्हणूनच ‘कुठे खेळवावं’ या प्रश्नाचा दुसरा अर्थ जास्त मोलाचा आहे. कितव्या नंबरवर, यापेक्षा कुठल्या पातळीवर.

इथे १९५१ सालचं न्यूयॉर्क पाहण्यासारखं आहे. एकाच शहरात, एकाच मोसमात दोन पोरं चाचपडत होती. विली मेज हा विसाव्या वर्षी मिनिआपोलिसला .४७७ ठोकून जायंट्सकडे आला आणि सुरुवातीच्या २६ प्रयत्नांत त्याला एकच हिट मिळाला, वॉरन स्पानला मारलेला होम रन. तो रडकुंडीला आला होता, खाली पाठवा म्हणत होता. मॅनेजर लिओ ड्यूरोशरने त्याला ठणकावून सांगितलं की मी आहे तोवर सेंटर फील्ड तुझं. मेज तिथेच राहिला. नदीपलीकडे यँकीजकडे एकोणीस वर्षांचा मिकी मँटल स्ट्राइकआउटच्या गर्तेत सापडला, तेव्हा मॅनेजर केसी स्टेंगलने जुलैमध्ये त्याला कॅन्सस सिटी ब्लूजकडे, म्हणजे ट्रिपल-एला पाठवलं.

मँटलची तिथली सुरुवात बारकाईने बघण्याजोगी आहे. पहिल्यांदा बॅटिंगला आला तेव्हा त्याने बंट करून, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता थोपवून, पहिला बेस गाठला. हिट मिळाला म्हणून खूश होऊन परतला, तर मॅनेजर जॉर्ज सेलकर्क वैतागला. तुला बंट करता येतं हे ठाऊक आहे, त्यासाठी तुला इथे धाडलेलं नाही, असा त्याचा रोख. सेलकर्कला स्कोअरबुकातला हिट नको होता, मुक्त हाताने फिरवलेली बॅट हवी होती. मँटलने ती फिरवली आणि पुढे कितीतरी वेळा रिकाम्या हाताने परतला. वडील मट मँटल ओक्लाहोमातल्या खाणीत काम करणारे. मुलाने फोनवर हातपाय गाळलेले ऐकून ते हॉटेलात आले आणि सांत्वन करण्याऐवजी त्याचं सामान बॅगेत भरायला लागले, चल, खाणीतच ये म्हणून. पोरगा राहिला. चाळीस सामन्यांत त्याने .३६१ मारले आणि ऑगस्टमध्ये तो परत यँकी स्टेडियमवर होता, पाठीवर ६ ऐवजी ७ घेऊन.

दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. त्यामुळे ‘खाली पाठवाच’ म्हणणाऱ्यांकडे मँटल आहे आणि ‘अजिबात पाठवू नका’वाल्यांकडे मेज. अशा दाखल्यांनी वाद मिटत नसतात. पण सेलकर्कची ती तक्रार मला दोन्ही निर्णयांपेक्षा महत्त्वाची वाटते. खाली आलेल्या हिटरने तिथे काय करायचं हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याने ते पोराला पहिल्याच दिवशी सांगितलं.

अलीकडच्या काळात काइल श्वार्बरचं प्रकरण ऑर्डर आणि पातळी दोन्ही प्रश्नांना एकदम भिडतं. २०१७ मध्ये शिकागो कब्जचा मॅनेजर जो मॅडन याने या आडव्यातिडव्या अंगाच्या फटकेबाजाला पहिल्या नंबरवर आणलं. वॉक काढतो, होम रन मारतो, जास्तीत जास्त पाळ्या मिळू देत, असा हिशेबी विचार. जूनमध्ये श्वार्बर .१७१ वर होता आणि त्याला आयोवाला, ट्रिपल-एला धाडण्यात आलं. टीकाकारांनी निकाल दिला: पहिल्या नंबरने पोराचं डोकं फिरवलं. आयोवात तो जेमतेम अकरा सामने खेळला, .३४३ मारले, जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत आला आणि हंगाम ३० होम रनवर संपवला. आता गंमत अशी, की हाच श्वार्बर २०२४ मध्ये फिलाडेल्फियाकडून पहिल्या नंबरवर खेळत होता आणि सामन्याच्या सुरुवातीलाच मारलेल्या होम रनचा एका हंगामातला विक्रम, १५, त्याच्या नावावर लागला. नंबर तोच. २०१७ मध्ये नंबरला दोष देणाऱ्यांपैकी कोणी माफी मागितल्याचं ऐकिवात नाही.

जॅक्सन हॉलिडेची गोष्ट इतकी गोड नाही. २०२२ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. २०२३ च्या एकाच हंगामात बाल्टिमोरने त्याला डेलमार्व्हा, अबर्डीन, बोई, नॉरफोक अशा चारही पायऱ्या चढवल्या. एप्रिल २०२४ मध्ये तो ओरिओल्सकडून खेळायला आला, तोही नवव्या नंबरवर, म्हणजे दडपण नको म्हणून सर्वांत सुरक्षित कोपऱ्यात. ३४ प्रयत्नांत २ हिट, १८ स्ट्राइकआउट. दहा सामन्यांनी त्याला नॉरफोकला परत पाठवलं. जुलैच्या शेवटच्या दिवशी तो परतला आणि ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, मारला. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. हंगामअखेर त्याची सरासरी .१८९ होती. नववा नंबर काही ढाल ठरला नाही. खरी गोम बहुधा आधीच्या घाईत होती. २०२३ मध्ये ट्रिपल-एचे सामने त्याच्या वाट्याला अठराच आले होते, आणि अनुभवी पिचर एखाद्या हिटरची दुखरी नस शोधून तिच्यावरच आठवडाभर बोट ठेवतात, तो धडा एवढ्यात पुरता व्हायचा नाही.

डेट्रॉइटचा स्पेन्सर टॉर्कलसन २०२२ आणि २०२४ असा दोनदा ट्रिपल-एच्या टोलिडोला गेला. पहिल्या खेपेस तिथेही त्याचे आकडे डोळे दिपवणारे नव्हते. तरी मधल्या २०२३ मध्ये त्याने ३१ होम रन मारले. सिॲटलच्या जॅरेड केलेनिकचं उलट. २०२१ मध्ये सलग ३९ प्रयत्न हिटविना गेल्यावर तो ट्रिपल-एच्या टकोमाला आला, तिथे झकास खेळला, आणि वर गेला की पुन्हा तीच रडकथा. ट्रिपल-एमधला बरा झाल्याचा दाखला मेजर लीगमध्ये चालतोच असं नाही.

या सगळ्यांत बोलकं उदाहरण एका अशा माणसाचं आहे जो हिटर नव्हताच. १९९४ मध्ये मायकेल जॉर्डन, वय एकतीस, बास्केटबॉल सोडून डबल-एच्या बर्मिंगहॅम बॅरन्सकडे आला. मॅनेजर टेरी फ्रँकोना. शाळेनंतर जॉर्डनने बेसबॉल खेळलाच नव्हता. न्याय्य जागा बघितली तर त्याला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवायला हवं होतं. एप्रिलमध्ये त्याने सलग तेरा सामन्यांत हिट मिळवून लोकांना चकित केलं. मग बातमी पसरली की हा सरळ वेगवान चेंडू मारतो, आणि पिचरांनी कर्व्ह आणि स्लायडर टाकायला सुरुवात केली. हंगामाच्या शेवटी हिशेब असा: १२७ सामने, .२०२, ३ होम रन, ११४ स्ट्राइकआउट. त्याच रांगेत ३० चोरलेले बेस, ५१ वॉक आणि ५१ आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटमुळे घरी आलेल्या धावा. .२०२ मारणाऱ्याच्या नावावर ५१ धावा कशा? आरबीआय हा आकडा पुढच्या माणसांवर जगतो. आपल्या आधीचे बेसवर पोचत राहिले की साधा ग्राउंडरही खात्यात जमा होतो. फॉर्म गेलेल्याला तिसरा-चौथा सोडून जरा खाली, पण बेसवर माणसं दिसतील अशा जागी ठेवायचं, या रिवाजाचं हेच गुपित आहे: पोराला रात्री झोपताना मोजायला काहीतरी राहतं.

फ्रँकोना पुढे कित्येकदा म्हणाला की जॉर्डनला आणखी हजार पाळ्या मिळाल्या असत्या तर तो मेजर लीगला पोचला असता. हजार हा आकडा इथे धरून बघा. पहिल्या नंबरवर खेळणाऱ्याला त्या पुऱ्या करायला सुमारे २१५ सामने लागतात, नवव्यावर खेळणाऱ्याला २६५. पन्नास सामन्यांचा फरक, म्हणजे डबल-एच्या हंगामाचा तिसरा हिस्सा. एकतीस वर्षांच्या माणसाला ती वेळेची चैन परवडत नाही. एकोणीस वर्षांच्याला परवडते.

२०२१ नंतर मात्र त्यालाही ती पूर्वीइतकी परवडत नाही. त्या वर्षी मेजर लीगने मायनर लीगची फेरमांडणी करून संलग्न क्लब १६० वरून १२० वर आणले. न्यूयॉर्क-पेन लीगसारख्या छोट्या हंगामाच्या लीग गेल्या. पूर्वी सिंगल-एला गुदमरणाऱ्या पोराला जूनमध्ये तिथे पाठवता येई. लोक सामने बघायला येत, स्कोअर छापून येत, पातळी मात्र सौम्य. आता त्या पायरीच्या जागी थेट फ्लोरिडा किंवा ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्सचं मैदान आहे, दुपारच्या उन्हातलं. २०२४ पासून एका क्लबला आपल्या अमेरिकेतल्या संघांत मिळून १६५ खेळाडूच ठेवता येतात, आधी ही मर्यादा १८० होती. जागा कमी झाल्या की संयमही आटतो. पातळी उतरली की पगारही उतरतो. २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारात डबल-एला वर्षाला ३०,२५० डॉलर ठरले, हाय-एला २७,३००. ऑर्डरमध्ये दुसऱ्याचा नववा झाल्याने खिसा हलत नाही.

वेळापत्रकही बदललं. आता बहुतेक ठिकाणी मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने असतात. तेच पिचर, तेच स्काउटिंग. एखाद्याला आत आलेला चेंडू जमत नाही हे मंगळवारी कळलं की रविवारपर्यंत त्याला आतच चेंडू येतात. अशा आठवड्यात त्याचा नंबर बदलणं निरर्थक आहे. त्याऐवजी गुरुवारी त्याला बसवून पिंजऱ्यात कोचबरोबर घाम गाळू देणं शहाणपणाचं. ‘डेव्हलपमेंट लिस्ट’ नावाची सोय याच कामाची आहे: खेळाडू संघात राहतो, सामने खेळत नाही, स्कोअर कोणी मोजत नाही. स्टान्स बदलायचा असेल, बॅट सुरू करायची वेळ बदलायची असेल, तर ही जागा कुठल्याही नंबरपेक्षा बरी.

माझा कौल विचाराल तर असा. हिट पडत नाहीत पण चेंडू नीट लागतोय, स्ट्राइकआउट वाढलेले नाहीत, तर त्याला हलवूच नका. दुसऱ्यावर होता तर दुसऱ्यावर. स्ट्राइकआउट शंभर पाळ्या वाढतच राहिले, तर सातव्या नंबरचा आडपडदा न करता एक तर सामन्यांतून काढा किंवा एक पायरी खाली उतरवा, आणि तिथे पुन्हा दुसऱ्या नंबरवरच खेळवा, कारण उतरवण्याचा हेतूच मुळी त्याला पेलतील असे चेंडू जास्तीत जास्त वेळा बघायला मिळावेत हा आहे. तिसरा नंबर टाळा. त्या जागी दोन आउट आणि बेस रिकामे अशी पाळी वारंवार येते, शिकायला त्यात फारसं नसतं. आणि सांगायचं असेल तर कागद चिकटायच्या आधी, मॅनेजरच्या केबिनमध्ये, तोंडाने.

हे सगळं अर्थात त्यांच्यासाठी, ज्यांच्यावर क्लबने पैसा लावला आहे. प्रत्येक ट्रिपल-ए संघात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे दोन-चार जण असतात, ज्यांना ठाऊक असतं की आपण जागा भरायला आहोत. त्यांचा फॉर्म गेला की ऑर्डरवर चर्चा होत नाही. मेमध्ये ते नवव्या नंबरवर खेळतात, जूनमध्ये आठवड्यातून दोनदा, आणि वरून कोणी पोरगा टोलिडो किंवा आयोवाला उतरला की त्याच्यासाठी रोस्टरवर जागा यांचीच निघते.